जलोपचार तलावाच्या गॅस हीटरची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४

दादर पश्चिमेला, समुद्रापासून थोड्याच अंतरावर असलेल्या आमच्या पुनर्वसन केंद्रातील जलोपचार तलावाचे पाणी आज सकाळी २६ अंश सेल्सिअस भरले. पोहण्याच्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंशांचे पाणी चालते, परंतु पक्षाघातातून सावरणारी किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती पाण्यात अतिशय संथ हालचाल करते, तिच्या अंगात तेवढी ऊब तयार होत नाही आणि गार पाण्यात आखडलेले स्नायू आणखी आखडतात. पाणी ३३ अंशांच्या खाली जाऊ नये हा फिजिओथेरपी विभागाचा आग्रह त्यामुळे रास्त आहे. सकाळची सत्रे तूर्त थांबवली असून हीटर पूर्ववत होणे हे माझ्या दृष्टीने या महिन्यातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

हीटर जुन्या पद्धतीचा, म्हणजे सतत जळणाऱ्या पायलटचा (मुख्य बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा) आहे. पाटीवर ताशी दोन लाख बीटीयू, म्हणजे साधारण ५८.६ किलोवॉट, अशी क्षमता नोंदवलेली आहे. तो मागच्या अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेला आहे. आधी तो एलपीजी सिलिंडरच्या बँकेवर चालत असे. यंदाच्या पावसाळ्यात इमारतीला पाइपचा गॅस आला आणि एका ठेकेदाराने हीटर त्यावर बदलून दिला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या उकाड्यात पाणी आपोआपच कोमट राहते, त्यामुळे हीटरची खरी परीक्षा थंडी पडल्यावरच झाली.

तक्रार अशी आहे : नॉब दाबून धरल्यावर पायलट पेटतो, नॉब सोडल्यावर कधी टिकतो, कधी विझतो. टिकलाच, तर मुख्य बर्नर कधी लागतच नाही आणि कधी लागून काही मिनिटांत सगळेच बंद पडते. ठेकेदाराने गॅस व्हॉल्व्ह खराब असल्याचे सांगून नव्या व्हॉल्व्हचे कोटेशन पाठवले आहे. कोणतेही माप न घेता दिलेले ते कोटेशन मी सध्या बाजूला ठेवले आहे.

या हीटरला विजेची जोडणी नाही. पायलटच्या ज्योतीत बसवलेले थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेपासून वीज तयार करणारा भाग, तापले की त्यातून काही शे मिलिव्होल्टचा विजेचा दाब तयार होतो आणि तेवढ्यावरच गॅस व्हॉल्व्हमधील दोन्ही चुंबकी झडपा चालतात. पहिली झडप पायलटचा गॅस धरून ठेवते; दुसरी मुख्य बर्नरचा गॅस सोडते, मात्र तिच्या वाटेत थर्मोस्टॅट, पाण्याचा प्रेशर स्विच आणि अतिताप झाल्यास बर्नर बंद करणारे दोन लिमिट स्विच एकामागोमाग जोडलेले आहेत. त्यामुळे हीटर बंद सापडल्यावर पहिला प्रश्न एकच : पायलट जळतो आहे की विझला आहे? पायलट जळत असून बर्नर लागत नसेल, तर दोष त्या स्विचांच्या साखळीत किंवा पाण्याच्या प्रवाहात शोधायचा. पायलटच विझला असेल, तर ज्योत, थर्मोपाइल, गॅसचा दाब आणि वारा यांच्याकडे वळायचे. आमच्याकडे दोन्ही प्रकार आलटून पालटून घडत आहेत आणि नेमके त्यामुळेच सगळा संशय व्हॉल्व्हवर गेला असावा.

४ डिसेंबर २०२४

आज ज्योत न पेटवता फक्त सुरक्षिततेची पाहणी केली. मीटरपासून हीटरपर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले. कुठेही गळती नाही.

एक गोष्ट मात्र मला गंभीर वाटली. शेडमध्ये हवा खेळण्यासाठी जमिनीलगत जाळ्या आहेत, पण वरच्या बाजूची झरोक्याची जागा पत्र्याने बंद केलेली आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवर साचतो, म्हणून त्या काळी खालच्या जाळ्या आवश्यक होत्या. पाइपचा गॅस प्रामुख्याने मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळती झालीच तर छताखाली साचेल. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. इंधन बदलताना या शेडचा विचारच झालेला नाही. वरचा पत्रा काढून तिथे जाळी बसवून घेतली. खालच्या जाळ्या तशाच ठेवल्या, कारण एक घनमीटर गॅस जळायला जवळजवळ दहा घनमीटर हवा लागते आणि ती खालूनच आत येते.

गॅसचा स्थिर दाब मोजण्यासाठी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या पारदर्शक नळीचा यू आकाराचा मॅनोमीटर तयार केला आणि त्यात रंग मिसळलेले पाणी भरले. व्हॉल्व्हच्या प्रवेशाकडील तपासणी छिद्राला जोडल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत २१४ मिमी फरक आला. म्हणजे २१ मिलिबार. अपेक्षित होता तेवढाच. गॅस येत नाही ही शंका इथे संपली, परंतु हा दाब काहीही चालू नसतानाचा आहे. बर्नर पूर्ण जोरात चालू असताना तो किती उतरतो, हे नंतर पाहावे लागेल.

६ डिसेंबर २०२४

आज पायलट पेटवला. नॉब बंद स्थितीत ठेवून पाच मिनिटे थांबणे, वास घेणे, मग पायलटच्या खुणेवर नॉब दाबून ज्योत लावणे आणि थर्मोपाइल तापेपर्यंत किमान मिनिटभर नॉब न सोडणे, हा क्रम पंप सांभाळणाऱ्या काकांना पुन्हा समजावून दिला. त्यांची घाई समजण्यासारखी आहे, कारण वरच्या मजल्यावर माणसे पाण्याची वाट पाहत असतात. पण विझलेल्या पायलटवर लगेच पुन्हा ठिणगी देणे हे या संपूर्ण कामातील सर्वांत धोक्याचे पाऊल आहे.

ज्योत पाहताच बरेचसे उमगले. ती देवापुढच्या फुलवातीएवढी इवलीशी, टोकाला पिवळट आणि थर्मोपाइलच्या टोकाला जेमतेम चाटून जाणारी होती. निळी, ठाम ज्योत थर्मोपाइलच्या वरच्या दहा-बारा मिलिमीटर भागाला वेढून राहिली पाहिजे. दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर लावल्यावर थर्मोपाइलचा दाब २९० मिलिव्होल्टच्या वर जाईना. या थर्मोपाइलवर ७५० मिलिव्होल्ट असे छापलेले असते. प्रत्यक्षात चांगल्या स्थितीतला नग भार नसताना ५०० ते ६५० देतो.

पायलटचा पूर्ण संच बाहेर काढला. हवा घेण्याच्या छिद्रात कोळ्याचे जाळे होते आणि त्याला गंजाची भुकटी चिकटलेली होती. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडाची अशी गत होतेच, आणि हीटर चार महिने बंद असला की कोळ्यांना आयते घर मिळते. मऊ ब्रशने आणि फुंकणीच्या हवेने सर्व स्वच्छ केले. जेटच्या, म्हणजे ज्यातून गॅस बाहेर पडतो त्या बारीक तोटीच्या, छिद्रात तार किंवा सुई घातली नाही, कारण छिद्र किंचितही मोठे झाले तर ज्योतीचे गणित बिघडते. पुन्हा जोडल्यावर ३४० मिलिव्होल्ट आले. सुधारणा झाली, पण अपुरी.

इथे दोन शक्यता उरतात : थर्मोपाइल थकले आहे किंवा ज्योतच दुबळी आहे. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज वाहते हे शास्त्रज्ञ सीबेकने १८२१ मध्ये दाखवले. असा एकच सांधा असलेले थर्मोकपल जेमतेम तीसेक मिलिव्होल्ट देते, म्हणून थर्मोपाइलमध्ये असे अनेक सांधे एकापुढे एक जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षे तापून त्यांपैकी काही निकामी होऊ शकतात. खात्री करण्यासाठी थर्मोपाइल शेडपासून दूर कार्यशाळेच्या टेबलावर नेले आणि त्याचे टोक हातातील छोट्या ब्यूटेन टॉर्चने, ज्योत थोडी लांब धरून, हळूहळू तापवले. मीटरचा आकडा चढत जाऊन ६१० वर स्थिरावला. थर्मोपाइल उत्तम आहे. दोष ज्योतीत आहे.

९ डिसेंबर २०२४

पायलटचे पितळी जेट काढून भिंगाखाली पाहिले. भातासोबत येणाऱ्या खड्याएवढ्या त्या तुकड्याच्या कडेला बारीक आकडा कोरलेला आहे. मळ पुसून, उजेडाकडे तिरके धरून तो वाचला आणि हीटरसोबत आलेल्या पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहिला. तो आकडा एलपीजीच्या रकान्यातला निघाला. मुख्य बर्नरची सर्व जेट तपासली. ती मात्र पाइपच्या गॅसचीच होती. इंधन बदलताना मोठी जेट बदलली गेली आणि पायलटचे राहून गेले, हे आता निःसंशय आहे.

याचा परिणाम किती होतो, हे मांडून ठेवतो. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये पाइपच्या गॅसच्या अडीच ते तीन पट उष्णता असते, म्हणून त्याचे जेट बारीक असते. त्याच बारीक छिद्रातून पाइपचा गॅस हलका असल्यामुळे थोडा जास्त वाहतो, हे खरे. पण त्याचा दाबही एलपीजीपेक्षा कमी असतो. सगळे जमेस धरले तरी ज्योतीला पूर्वीच्या साधारण निम्मीच उष्णता मिळते. मुख्य बर्नर व्यवस्थित जळताना पाहून सगळे बरोबर आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ज्या ज्योतीवर संपूर्ण यंत्र उभे आहे तीच उपाशी होती.

एका ओळखीच्या कारागिराने जेटला बारीक ड्रिल मारून देण्याची तयारी दाखवली. त्याला नम्रपणे नकार दिला. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असलेले छिद्र हाताने अचूक आणि गोल पडत नाही, आणि वाकड्या छिद्रातून निघालेली ज्योत एका बाजूला झुकते. शेगडीच्या दुकानात मिळणारे मिळतेजुळते जेटही नको. पुस्तिकेतील क्रमांकाचेच जेट हीटरच्या वितरकाकडून मागवले आहे.

१३ डिसेंबर २०२४

जेट आले आणि बसवले. ज्योत निळी, भरदार. थर्मोपाइलचे टोक तिच्यात पूर्ण बुडते. भार नसताना ५८० मिलिव्होल्ट. नॉब सोडल्यावर पायलट प्रत्येक वेळी टिकला आणि दुपारपर्यंत तसाच जळत राहिला.

थर्मोस्टॅट वर केल्यावर बर्नरही लागला, पण काही वेळाने पायलट जळत असतानाच तो बंद पडला. कालपर्यंत एकमेकांत गुंतलेले दोन दोष आता सुटे झाले आहेत, ही मोठीच सोय. आता साखळीकडे वळता येईल.

१६ डिसेंबर २०२४

आजचा दिवस मिलिव्होल्टच्या साखळीसाठी दिला आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या पद्धतीच्या हीटरमध्ये सर्वाधिक व्हॉल्व्ह इथेच विनाकारण बदलले जातात.

घरातील दिव्याच्या बटणात अर्ध्या ओहमचा अडथळा आला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे मात्र सुमारे एक दशांश ॲम्पिअर एवढा प्रवाह आहे आणि तो ढकलायला एकूण दाबच तीनशे मिलिव्होल्टच्या आसपास उरतो, कारण भार आला की थर्मोपाइलचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्ध्या ओहमने त्यातील ५० मिलिव्होल्ट खाल्ले की व्हॉल्व्हची झडप ओढून धरायला बळ पुरत नाही. म्हणून ओहममध्ये मोजण्याऐवजी, प्रवाह चालू असताना प्रत्येक स्विचच्या दोन टोकांत किती मिलिव्होल्ट पडतात हे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. निर्दोष स्विचवर हा आकडा अगदी थोडा येतो.

थर्मोस्टॅटवर ६ मिलिव्होल्ट आले. पहिल्या लिमिट स्विचवर ४. पाण्याच्या प्रेशर स्विचवर ८५, आणि पाइपला टिचकी मारली की तो आकडा नाचू लागे. दुसऱ्या लिमिट स्विचवर चक्क शून्य.

शून्य पाहून मी थबकलो, कारण खऱ्या संपर्कावर काहीतरी पडतेच. झाकण काढल्यावर दिसले की त्या स्विचच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवून स्विच साखळीतून बाद केलेला आहे. काका म्हणाले, “साहेब, ती तार आधीपासूनच आहे, मला वाटलं कंपनीचीच असेल.” त्यांचा यात काहीही दोष नाही. ज्याने ती तार लावली, त्याने कमी पडणारे मिलिव्होल्ट वाचवण्यासाठी अतितापापासून संरक्षण देणारा स्विचच काढून टाकला. ज्या तलावात पायांत संवेदना नसलेले रुग्ण उतरतात, ज्यांना पाणी किती गरम आहे हे कळतही नाही, तिथे हे केले गेले, याचा मला अतिशय संताप आला. तपासणीपुरती क्षणभर तार लावून पाहणे वेगळे आणि ती आत ठेवून झाकण लावणे वेगळे. दुसरी गोष्ट कोणत्याही सबबीखाली चालणार नाही. तार काढली, स्विचची टोके घासून घट्ट केली आणि मोजले, तर त्यावर अवघे ५ मिलिव्होल्ट पडले. स्विच मुळात बिघडलेलाच नव्हता.

प्रेशर स्विचचे संपर्क आतून काळवंडलेले आहेत. ते घासून वेळ मारून नेता येईल, पण दमट हवेत ते पुन्हा काळवंडतील, नवा मागवला. साखळीतील सर्व तारांची टोके मात्र आजच कापून नवीन चिमटीत बसवली, आणि केवळ तेवढ्याने व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारा दाब २० मिलिव्होल्टने वाढला.

१९ डिसेंबर २०२४

नवा प्रेशर स्विच बसवला. तो फक्त जोडून भागत नाही. आमचा हीटर तलावाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली आहे, त्यामुळे पंप बंद असतानाही स्विचवर ०.०५ बार दाब असतोच. स्विच त्याहून कमी दाबावर लावला तर पंप थांबल्यावरही बर्नर चालू राहील आणि साठलेले पाणी आतल्या नळ्यांत उकळू लागेल. पंप बंद करताच बर्नर लगेच विझेल आणि फिल्टर थोडा मळलेला असतानाही विनाकारण विझणार नाही, असा मधला बिंदू स्क्रू हळूहळू फिरवून शोधला आणि पंप पुन्हा पुन्हा चालू-बंद करून त्याची खात्री केली.

नंतर चालू स्थितीतील गॅसचा दाब मोजला. बर्नर पूर्ण जोरात आणि त्याच लाइनवरील कपडे धुण्याच्या विभागाचा गीझरही चालू असताना प्रवेशाचा दाब २१४ वरून १८८ मिमीपर्यंत उतरतो. हे समाधानकारक आहे. व्हॉल्व्हमधून बर्नरकडे जाणारा दाब ९५ मिमी होता, तो रेग्युलेटरच्या स्क्रूने १०२ मिमी, म्हणजे पुस्तिकेत दिलेल्या चार इंचांवर आणला.

शेवटी मीटरवर घड्याळ लावले. गीझर बंद ठेवून फक्त हीटर चालू असताना १०० लिटर गॅस जायला ६४ सेकंद लागले. म्हणजे तासाला ५.६ घनमीटर. एका घनमीटरमध्ये साधारण साडेदहा किलोवॉट-तास उष्णता धरली तर हा आकडा पाटीवरील क्षमतेशी जुळतो. ज्या व्हॉल्व्हचे कोटेशन आले होते तो जुनाच व्हॉल्व्ह हे सर्व करीत आहे. कोटेशन नाकारल्याचे पत्र कार्यालयाकडे दिले.

२४ डिसेंबर २०२४

पायलट पुन्हा विझला. परवा दुपारी, काल दुपारी, आज दुपारी. सकाळी कधीच नाही.

वेळेवरून कारण सुचले. हिवाळ्यात मुंबईत सकाळी जमिनीकडून हलके वारे येतात आणि दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा जोर धरतो. शेडचा दरवाजा पश्चिमेला आहे आणि त्याची खालची जाळी बरोबर पायलटच्या उंचीवर येते. हीटर बंद करून, गॅसचा कॉक बंद असल्याची खात्री करून, बर्नरच्या खणापाशी उदबत्ती धरली. धूर वर जाण्याऐवजी आडवा होऊन पायलटच्या जागेवरून मागच्या भिंतीकडे पळत होता.

जाळी बुजवणे हा सोपा आणि चुकीचा उपाय ठरला असता, कारण बर्नरची हवाच तुटली असती, आणि अपुऱ्या हवेत गॅस जळला की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दरवाजाच्या बाहेर, जाळीपासून ३०० मिमी अंतरावर, जाळीपेक्षा रुंद असा पत्र्याचा आडोसा उभा केला. हवा आता दोन्ही कडांनी वळसा घेऊन येते. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. संध्याकाळी वारा पुरेसा असतानाही ज्योत थर्मोपाइल सोडत नव्हती.

८ जानेवारी २०२५

मधल्या काळात पायलट एकदाही विझलेला नाही. तलावात ४० घनमीटर पाणी आहे. ते एका अंशाने तापवायला साधारण साडेसेहेचाळीस किलोवॉट-तास लागतात आणि हीटरची पाण्याला मिळणारी उष्णताही तेवढीच आहे, म्हणून सुमारे तासाला एक अंश असा हिशेब होता. प्रत्यक्षात पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे २६ वरून ३३ अंशांपर्यंत यायला एका रात्रीपेक्षा थोडा कमी वेळ लागला. आता रात्री तलावावर आच्छादन घालतो आणि पहाटे थोडाच वेळ हीटर लावावा लागतो. सकाळची सत्रे पूर्ववत सुरू झाली आहेत. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राहावा याची रोज नोंद होते, कारण पाणी आम्लधर्मी झाले तर हीटरच्या तांब्याच्या नळ्या झिजतात.

शेडच्या दरवाजामागे निरोगी स्थितीतील आकड्यांचा तक्ता लावला आहे : भार नसताना ५८० मिलिव्होल्ट, प्रत्येक स्विचवर १० पेक्षा कमी, प्रवेशाचा दाब बंद असताना २१४ आणि चालू असताना १८८ मिमी, बर्नरचा दाब १०२ मिमी. त्याखाली पायलट पेटवण्याचा क्रम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिला असून, दोन वेळा पेटवूनही पायलट टिकला नाही तर गॅसचा कॉक बंद करून मला कळवावे, अशी सूचना दिली आहे.

पायलटच्या हवेच्या छिद्राची सफाई वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास, करायची आहे. राखीव थर्मोपाइल मागवले आहे. वरच्या झरोक्याला साध्या लोखंडी जाळीऐवजी गंज न चढणारी स्टेनलेस स्टीलची जाळी बसवायची राहिली आहे. ते काम पावसाळ्याआधी होईल.